फडताळातला मेवा

पाहुणा ओसरीवर टेकतो न टेकतो तोच घरात गडबड सुरू होते. चहाचे आधण चढते आणि पोराच्या हातात नोट देऊन त्याला दुकानाकडे पिटाळले जाते. बिस्किटांचा पुडा येतो. पाहुणा त्यातली दोन खातो, बाकीची पोरे संपवतात. त्याच घरात, फडताळाच्या वरच्या खणात, गेल्या हंगामात वाळवलेल्या बोरांची बरणी असते. डब्यात भाजलेले दाणे असतात. एखाद्या पुरचुंडीत चार खारका असतात. पण ते पाहुण्यापुढे ठेवायला हात धजत नाही. बोरे काय ठेवायची पाहुण्यापुढे! लोक काय म्हणतील!

मायबहिणींनो, आज या फडताळाविषयीच बोलायचे आहे. संक्रांत होऊन गेली, लेकरांची बोरन्हाणे उरकली, बांधावरच्या बोरींखाली अजून सडा पडतो आहे. बोलायची वेळ हीच. घरधन्यांनीही वाचावे, कारण शेवटी त्यांच्याकडेही यायचे आहे.

सुका मेवा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे नागपूरची इतवारी उभी राहते. काजू, बदाम, पिस्ते, मनुका. लग्नकार्य निघाले की जाऊन पावशेर आणायचा आणि शिऱ्यावर मोजून पेरायचा. पण मेवा म्हणजे तरी काय? फळातले पाणी काढून टाकले आणि गोडी मागे राहिली, की झाला मेवा. खजूर वाळला की खारीक. द्राक्ष वाळले की बेदाणा. सांगली-तासगावकडे सुमारे ४ किलो द्राक्षांचा १ किलो बेदाणा होतो, तोही भट्टीवर नव्हे, मांडवाच्या सावलीत वाऱ्यावर वाळवून. मग बोर वाळले तर तो मेवा का नाही? फरक एवढाच, की बेदाण्याला बाजारात भाव आहे आणि बोराला नाही. आणि ज्याला भाव नाही त्याला आपण घरातही मान देत नाही.

वाळवणाला लागते ते भांडवल आपल्याकडे उदंड आहे. नागपूरच्या उन्हाला सगळा महाराष्ट्र नावे ठेवतो. २०१३ च्या मे महिन्यात येथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. ३० मे २०२४ रोजी तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर ओरड झाली. मागून कळले की यंत्रातच बिघाड होता. बिघाड असो वा नसो, आपले ऊन कडक आणि कोरडे, आणि या कोरडेपणालाच किंमत आहे. कोकणातल्या बायका फणसपोळी-आंबापोळी घालतात तेव्हा त्यांना समुद्राच्या दमट हवेशी झगडावे लागते. आपल्याकडे सकाळी घातलेले पापड दुपारी वाजायला लागतात. हे ऊन फुकट आहे, आणि आपण ते कुरडया-पापडांपुरतेच वापरतो.

आता बोरांकडे वळू. वाळवायला बांधावरचे गावरान बोर सगळ्यांत चांगले. आकाराने लहान, गर कमी, पण आंबटगोड चव नेमकी त्यातच. हल्ली बाजारात सफरचंदासारखे मोठे, हिरवे बोर येते, त्यात पाणीच फार. वाळले की चामड्यासारखे होते आणि चवही फिकी. ते ताजेच खावे. जळगावकडचे मेहरूणचे बोर मिळाले तर सोने. बोर पिकून तांबूस झालेले, पण न फुटलेले घ्यावे. खाली पडलेली बोरे घ्यायला हरकत नाही, मात्र भोक पडलेले प्रत्येक बोर बाजूला काढावे. एक किडके बोर बरणीभर बोरांचे मातेरे करते. दोन पाण्यांनी धुवावीत आणि उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे बुडवून लगेच काढावीत. त्याने सालीवरची घाण जाते, बारीक किडे मरतात आणि साल सैल होऊन बोर लवकर वाळते. मग स्वच्छ धोतराच्या कापडावर, खाटेवर पसरावीत, जमिनीवर नव्हे. वरून विरळ लुगडे टाकावे म्हणजे माशी बसणार नाही. संध्याकाळी न चुकता आत घ्यावीत, नाहीतर दिवसभर गेलेले पाणी रात्रीचे दव परत आणून देते. माघातल्या उन्हात आठ-दहा दिवस लागतात. बोर दाबले की चिवट लागावे, पण बोटाला ओल लागू नये. साल सुरकुतून बी खुळखुळू लागली की झाले.

यातली निम्मी बोरे तशीच ठेवावीत आणि निम्म्यांचे बोरकूट करावे. बोरकूट काय असते हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. शाळेच्या फाटकाबाहेर कागदाच्या पुडीत बसलेले ते तांबडे, आंबट-तिखट कूट ज्याने चाटले नाही त्याची शाळा अर्धीच झाली म्हणायची. पण बाहेरच्या बोरकुटात किती धूळ, कोणता रंग आणि किती साखर, देव जाणे. घरी उखळात वाळकी बोरे कुटावीत, चाळणीने बिया आणि साली वेगळ्या कराव्यात, त्या कुटात मीठ, थोडे तिखट आणि किसलेला गूळ मिसळावा. गूळ ओला नसावा, नाहीतर कुटाचा गोळा होतो.

येथे कोणी विचारील, आपले नागपूर तर संत्र्याचे. मग संत्रे का नाही वाळवायचे? संत्र्याची फोड म्हणजे पातळ पडद्यात भरलेले पाणी. ते गेले की हाती पडदाच उरतो. सगळ्या जगात नाव काढणारे फळ असूनही ते फडताळात राहू शकत नाही. आंबिया बहाराचे काय ते थंडीत आणि मृगाचे काय ते उन्हाळ्याच्या तोंडाला, खाऊन किंवा विकून मोकळे व्हावे लागते. भाव पडला की शेतकऱ्याला थांबता येत नाही, ते यामुळेच. साल मात्र वाळवावी. तिची पूड उटण्यात जाते आणि चिमूटभर पूड शिऱ्यातही चांगली लागते. फक्त फवारणी झालेल्या फळाची साल पोटात घेऊ नये. बांधावरच्या बोरीवर कोणी फवारत नाही, हा तिचा आणखी एक गुण.

यापुढच्या महिन्यात मोहफुले पडू लागतील. रामटेक-पारशिवनीकडच्या, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडच्या बहिणींना याविषयी मी काय सांगणार! पहाटे झाडाखालचा सडा वेचायचा, अंगणात तीन-चार दिवस वाळवायचा, की ते मेणासारखे पांढुरके फूल मनुकेसारखे तपकिरी होते. ताजेपणी रसाळ असलेल्या या फुलात वाळल्यावर निम्म्याहून जास्त भाग साखरेचा असतो. दुष्काळाच्या कित्येक सालांत जंगलकाठच्या माणसांना या फुलांनी तारले आहे. पण सरकारदरबारी मोह म्हणजे दारू, एवढीच त्याची ओळख राहिली. १९४९ च्या दारूबंदी कायद्यात मोहफुलांवर बंधने आली. स्वतःच्या अंगणात वाळवलेले फूल साठवायचे तर भीती. २०२१ साली राज्य सरकारने ही बंधने सैल केली, तेव्हापासून बचत गटांच्या बाया मोहाचे लाडू उघडपणे विकू लागल्या आहेत. फुले चांगली वाळवून, चोळून आतले केसर झटकून टाकावे, मंद आचेवर खमंग भाजावी, भाजलेल्या तिळाबरोबर कुटावी आणि लाडू वळावेत. गूळ घालायची गरजच पडत नाही. ज्यांच्याकडे मोह नाही त्यांनी आठवडी बाजारातून किलोभर आणून पाहावा.

आता टोस्टाकडे. तुम्ही म्हणाल, बोरे-मोहफुलांच्या पंगतीला हा साहेब कुठून आला? तर हाही वाळवणच आहे. बेकरीवाला आधी पाव भाजतो, तो निवला की त्याचे काप करतो आणि ते काप मंद भट्टीत पुन्हा भाजून त्यातले उरलेसुरले पाणी काढतो. म्हणून दोन दिवसांत बुरसणारा पाव टोस्ट झाला की महिनाभर टिकतो. खेड्यात टोस्ट पहिल्यांदा आला तो बहुधा आजाऱ्याच्या उशाशी. ताप उतरला की डॉक्टर सांगायचे, चहा-टोस्ट द्या. मग मोठ्या माणसाचा टोस्ट लेकरे आशेने बघत बसायची. आज तो प्रत्येक टपरीवर बरणीत उभा असतो. चहात बुडवलेला टोस्ट नेमका किती वेळ धरावा, हे ज्याचे त्याला कळते. क्षणभर जास्त झाला की अर्धा बशीत.

मला टोस्टाचे वावडे नाही. चवीला चांगला, पचायला हलका. फक्त तो बहुतेक मैद्याचा असतो एवढे ध्यानात ठेवावे. पुड्यावर गव्हाचे ओंबे काढलेले असले तरी मागची बारीक अक्षरे पोराकडून वाचून घ्यावीत. जो जिन्नस सर्वांत जास्त, त्याचे नाव आधी छापावे असा नियम आहे. पहिले नाव मैद्याचे आणि दुसरे साखरेचे असेल, तर ओंब्यांच्या चित्राला काही अर्थ नाही.

आणि आपला स्वतःचा टोस्ट आपण विसरलो आहोत. सोलापूरकडची कडक भाकरी पाहा. ज्वारीची किंवा बाजरीची भाकर पातळ थापून, भाजून, मग आचेजवळ पार वाळवतात. पापडासारखी कुडकुडीत होते, महिनाभर टिकते, आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तिथल्या बाया ती शहरांत विकतात. ज्वारी आपलीही होती. सोयाबीन आले, कपाशी वाढली, ज्वारीचे वावर आटत गेले, हे दुःख वेगळे. पण ज्यांच्या घरी अजून भाकर होते त्यांनी रात्रीची उरलेली पातळ भाकर चुलीच्या कडेला उभी करून ठेवावी, सकाळपर्यंत कडक होते. पोळी उरली तर मंद तव्यावर टाकून कापडाच्या घडीने दाबत, फिरवत, कोरडीच भाजावी. तेल लावू नये. पूर्ण निवल्यावर डब्यात भरली तर चार-पाच दिवस चांगली राहते. चुरून ताकात घाला, तिखट-मीठ लावून लेकरांना द्या, नाहीतर चहाबरोबर टोस्टासारखी मोडा. शिळी पोळी म्हटली की नाक मुरडणारी पोरे ही पोळी मागून खातात.

असे साधे खाणे म्हणजे गरिबी, असे कोणाला वाटत असेल तर आपल्या शेजारच्या वर्ध्याची आठवण करून देतो. १९३६ साली गांधीजी तेथील शेगावात राहायला आले, त्याचेच पुढे सेवाग्राम झाले. त्याआधी १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यात निघाला होता आणि कुमारप्पा त्याचा कारभार पाहत. जात्यावरचे पीठ, हातसडीचा तांदूळ, गूळ, घाणीचे तेल या गोष्टींचा या मंडळींनी ध्यास घेतला. गांधीजींचा हा छंद जुना. दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांनी घरी जाते आणून दळलेल्या पिठाचा पाव घरीच भाजायला सुरुवात केली होती, आणि पुढे काही काळ तर भुईमुगाचे कच्चे दाणे, केळी, खजूर, लिंबू आणि ऑलिव्हचे तेल एवढ्यावरच दिवस काढले. बॅरिस्टर माणूस, काय हवे ते खाऊ शकला असता. त्यांचे सगळेच प्रयोग आपल्याला झेपणारे नाहीत, आणि झेपले नाहीत तरी चालेल. पण मूठभर दाणे आणि दोन खजूर हे पोटभरीचे, मानाचे खाणे आहे एवढे तरी त्यातून घ्यावे.

थोडा हिशोब मांडू. दोन लेकरे, रोज पाच रुपयांचे एकेक कुरकुरीत पाकीट. दिवसाचे दहा, महिन्याचे तीनशे, वर्षाचे छत्तीसशे. त्यात मीठ, तेल आणि हवा. एवढ्या पैशांत वर्षभराचे शेंगदाणे, गूळ आणि बऱ्यापैकी खारीक घरात येते. पोरांना मात्र डब्यातली बोरे न्यायची लाज वाटते, कारण त्यांनी आपल्याला पाहुण्यापुढे बोरे लपवताना पाहिलेले असते. आधी बशीत बोरे, दाणे आणि कडक पोळी पाहुण्याला द्या. शहरातला पाहुणा असेल तर तो बिस्किटाकडे बघणारही नाही, जाताना बोरकुटाची पुडी मागून नेईल.

आता जे बोलायचे आहे ते जरा अडचणीचे आहे. फडताळातल्या बरण्या भरते कोण? घरातली बाई. त्या उघडते कोण? तीच. पण स्वतःसाठी उघडते का? सासऱ्यांना खारीक, धन्याला टोस्ट, पोरांना लाडू, लेक माहेरी आली तर तिला बोरकूट. आपण उभ्याउभ्या बशीतला चहा घशाखाली ओतून कामाला. डब्याच्या तळाशी राहिलेला चुरा तेवढा तिचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांच्या रक्तात लाल द्रव्य कमी आढळले. म्हणजे आपल्या गल्लीतली दर दुसरी बाई. निंदणाला जाताना दम लागतो, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि आपण म्हणतो, ऊन लागले.

खारीक-मनुका खाऊन ही कमतरता भरून निघते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. त्यांत लोह असते, पण थोडे. आशाताई किंवा उपकेंद्रातल्या बाई लोहाच्या गोळ्या देतात त्या घ्यायलाच हव्यात. मात्र खाण्यापिण्याची एक गोष्ट सांभाळायला हवी. चहातला तुरटपणा अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. पालेभाजी-भाकर खाल्ली आणि त्यावर लगेच कपभर काळाकुट्ट चहा घेतला, तर भाजीतले बरेचसे लोह वाया जाते. लोहाची गोळी तर चहाबरोबर कधीच घेऊ नये. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे. उलट आवळा, लिंबू, पेरू यांतले आंबट सत्त्व लोह ओढून घ्यायला मदत करते. उन्हात वाळवलेल्या बोरातले हे सत्त्व बरेच उडून जाते. आवळ्यात मुळातच ते इतके असते की वाळवल्यावरही काही उरते. म्हणून बोराच्या बरणीशेजारी आवळासुपारीची बरणी हवी. आवळे किसून, मीठ आणि आल्याचा रस लावून, उन्हात नव्हे तर सावलीत वाऱ्यावर वाळवावेत. जेवण झाले की चिमूटभर तोंडात टाकावी. सुपारी-खर्ऱ्याची सवय सोडू पाहणाऱ्या घरधन्यांनाही ती उपयोगी पडते, हे जाता जाता.

तर दुपारी चारच्या सुमारास, चहाच्या आधी किंवा चहाला सुट्टी देऊन, दहा मिनिटे खाली बसा. बशीत मूठभर दाणे, आठ-दहा वाळकी बोरे, एखादी खारीक, कडक पोळीचा तुकडा. चावून खा. बोराची बी तोंडात घोळवत बसण्यात जी मजा आहे ती बिस्किटात नाही. कोणी काम सांगितले तर म्हणा, येते, खाते आहे. घरधन्यांनो, तुमचा भाग एवढाच, की त्या दहा मिनिटांत हाक मारू नका. उलट आठवडी बाजारातून येताना पोरांसाठी पाकिटे आणता तसा तिच्यासाठी पावशेर खजूर आणा, आणि तो तिच्या हातात द्या, डब्यात टाकू नका.

ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी खारीक, मनुका, मोहफुले यांत हात आखडता घ्यावा; पाणी गेले की गोडी दाटते. बोर, दाणे ही घशात अडकणारी वस्तू, पाच वर्षांच्या आतल्या लेकराला अखंड देऊ नये. बोरकूट किंवा कुटलेले दाणे द्यावेत.

राहिली साठवण. वाळवण बरणीत भरताना पूर्ण निवलेले असावे, कोमट भरले की झाकणाला घाम येतो. पहिला आठवडा बरणी पाऊण भरून ठेवावी आणि रोज हलवून पाहावी. काचेला आतून ओल दिसली तर परत एक दिवस ऊन द्यावे. पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीपेक्षा काच किंवा चिनी मातीची बरणी बरी. धान्याच्या कोठीत टाकायची विषारी गोळी या डब्यांच्या आसपास, त्याच खोलीतसुद्धा, ठेवू नये. तिचा वायू जीव घेतो. मृग लागण्याआधी सगळ्या बरण्यांना एक कडक ऊन द्यावे आणि पावसाळाभर झाकण वरचेवर उघडू नये, आठवड्याचे लागेल तेवढे लहान डब्यात काढून घ्यावे. पोळा झाला, उघडीप मिळाली, की पुन्हा बाहेर काढावे. त्या वेळी आंबूस वास आला किंवा पांढरी-हिरवी बुरशी दिसली, तर वरचे काढून खालचे ठेवू नका. सगळेच उकिरड्यात पुरा, आणि गुरांपुढेही टाकू नका.